फुकट पळू नकोस

बेचाळीस किलोमीटर पळायचा सराव करता येतो. पैसे मागायचा करता येत नाही, तिथे थेट मैदानातच उतरावं लागतं. दोन्हींतलं अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी विचार करायलाही थांबणार नाही. पळताना निदान दम लागला असं सांगून फुटपाथवर बसता येतं.

हे सगळं आत्यामुळे झालं. आत्या नर्स होती. नोकरीची शेवटची बरीच वर्षं तिनं थॅलेसेमियाच्या मुलांच्या डे केअरमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावरही दर मंगळवारी ती तिथे जाते. पगार बंद झाला, धाक चालू आहे. डिसेंबरातली पूर्ण मॅरेथॉन पळायचं मी ठरवलंय हे कळल्यावर तिनं कौतुक वगैरे काही केलं नाही. "फी किती आहे गं त्याची?" मी सांगितली. "म्हणजे पैसे भरून पळणार. बरं. पण पळतेच आहेस तर फुकट पळू नकोस. माझ्या पोरांसाठी पळ."

तिची पोरं म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी त्या खोलीत येऊन हाताला सुई टोचून घेणारी मुलं. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या शरीरात हिमोग्लोबिन पुरेसं तयारच होत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या रक्तावर जगावं लागतं, तेही जन्मभर. रक्त मिळतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पिशव्या आटतात, कॉलेजं बंद आणि माणसं गावाला. पण एरवी पुण्यात रक्तदान शिबिरांना तोटा नाही. खर्च असतो तो रक्ताच्या मागून येणाऱ्या गोष्टींचा. पिशवीतल्या पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लागतो. तो नसला तर मूल थंडी वाजून तापानं फणफणू शकतं. आणि मग लोह. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि एवढं जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात साचतं, हृदयात साचतं, वाढ ठरवणाऱ्या ग्रंथींत साचतं. ते उपसून काढायला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि रोज म्हणजे दिवाळीच्या दिवशीसुद्धा.

"रक्त लाल असतं, दिसतं, म्हणून लोक देतात," आत्या म्हणते. "लोह कुणाला दिसतंय? गोळ्यांसाठी मागायला गेलं की सगळ्यांना काम आठवतं."

तेव्हा ठरलं की पैसे जमवायचे ते गोळ्या आणि फिल्टरसाठी. माझ्या खात्यात काही येणार नाही, सगळं थेट संस्थेच्या खात्यात, पावती संस्थेची. मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करते. दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यातून फिरवला की काय काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

मागायचं कसं, हे मात्र नवऱ्यानं शिकवलं. लग्नाआधी तो त्याच्या पेठेतल्या गणेश मंडळात वर्गणी गोळा करायचा आणि त्या विषयात त्याचा अधिकार मोठा आहे. त्याचं पहिलं सूत्र, पहिली पावती मोठी फाडायची. पुस्तकातलं पहिलं पान एकावन्न रुपयांचं असलं की पुढची सगळी पानं एकावन्नचीच होतात. म्हणून पहिली पावती त्यानं स्वतःच्या नावाची फाडायला लावली आणि आकडा इतका मोठा टाकला की मला त्याच्याशी आधी भांडावं लागलं. दुसरं सूत्र, घरी जाऊन मागायचं, मेसेजवर नाही. "मेसेजला माणूस हात जोडतो. दारात आलेल्याला खुर्ची द्यावी लागते."

हे किती खरं आहे ते शाळेच्या ग्रुपवर कळलं. मी टाकलेल्या मजकुराखाली हां हां म्हणता अंगठे उगवले, टाळ्या उगवल्या, 'प्राउड ऑफ यू' आलं, कुणी झाशीच्या राणीचं चित्र टाकलं. पैसे आले ते अगदी मोजक्या जणींकडून. त्यातली एक अशी, की जिच्याशी मी नववीपासून बोललेले नाही, आणि त्या अबोल्याचं कारणही आता दोघींना नीट आठवत नसावं. तिनं अंगठा नाही दिला, एक शब्दही लिहिला नाही. फक्त रक्कम जमा झाल्याचं संस्थेकडून कळलं. तिला काय लिहावं हे मला अजून सुचलेलं नाही.

सोसायटीत मात्र मी दार वाजवत गेले. इथे पुणेरीपणाचे विनोद करायचा मोह होतो, पण मला आलेले प्रश्न खरोखरच चांगले होते. संस्थेची नोंदणी कधीची? जमाखर्च बघायला मिळेल का? गोळ्या कंपनीकडून घेता की दुकानातून? एका काकूंनी विचारलं, "या मुलांचे आईबाप काय करतात?" मला ते जरा टोचलं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, टोचून काय घेतेस, उत्तर दे; आईबाप दर तीन आठवड्यांनी एका दिवसाचा रोज बुडवून येतात, हे सांग. आणि आणखी एक सांग म्हणाली. आई आणि बाप दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता पंचवीस टक्के. वाहक असणाऱ्याला स्वतःला काही त्रास नसतो, त्यामुळे कळत नाही. एका रक्ततपासणीत, एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार किती आहे ते बघून, ते कळतं. "पाचशे दिले नाहीत तरी चालेल. लग्नाच्या मुलामुलीची तपासणी करून घ्या म्हणावं." मग मी दारोदार हेही सांगू लागले. पत्रिका जुळवणाऱ्या घरांत हे सांगताना चहा हमखास मिळाला, पैसे क्वचित.

आणि मग तिसऱ्या मजल्यावरचे काका. काका बँकेतून निवृत्त. त्यांनी मला बसवलं, चष्मा लावला आणि माझा कागद दोन्ही बाजूंनी वाचला.

"८०जीची करसवलत आहे?"

"आहे, काका."

"नवीन करपद्धतीत त्याची वजावट मिळत नाही, हे लोकांना सांगतेस ना? नाहीतर मार्चमध्ये शिव्या खाशील. मी जुन्यात आहे, माझं सोड. आणि रोख दोन हजारांवर घेऊ नकोस, वजावट मिळत नाही त्यावर. अंतर नक्की किती म्हणालीस?"

"बेचाळीस किलोमीटर."

"बेचाळीस पॉइंट एकशे पंच्याण्णव," काका म्हणाले. "लंडन ऑलिंपिक, १९०८. किलोमीटरमागे पन्नास रुपये देईन. पूर्ण केलीस तर. अर्धवट सोडलीस तर जेवढे झाले तेवढ्याचे. आणि वरच्या पॉइंट एकशे पंच्याण्णवचे नऊ रुपये पंचाहत्तर पैसे वेगळे."

मी हसले. काका हसले नाहीत.

लंडनचा आकडा काकांनी बरोबर सांगितला, पण तो कायमचा झाला १९२१ मध्ये. त्याआधी प्रत्येक ऑलिंपिकमध्ये अंतर थोडंफार बदलायचं. १९२० साली अँटवर्पला तर ते बेचाळीस पॉइंट पंच्याहत्तर होतं, ऑलिंपिकच्या इतिहासातलं सगळ्यात लांब. आणि तिथे आपली माणसं पळाली होती. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतले शेतकरी अनवाणी पळताना जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटांनी पाहिले आणि ही माणसं ऑलिंपिकला गेली पाहिजेत असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यासाठी त्यांनी स्वतःचे पैसे घातले, आणखी पैसे जमवायची खटपट केली. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्यांच्याबरोबर सदाशिव दातारही पळाले. आज जिमखान्याच्या चौकात बस पकडायला धावणाऱ्या कुणाला हे माहीत असतं की नाही, देव जाणे. मला आवडतं ते असं, की आपल्याकडच्या मॅरेथॉनची सुरुवातच कुणीतरी कुणासाठी तरी खिशात हात घालण्यापासून झाली.

सरावाबद्दल फार लिहीत नाही. पळणाऱ्यांचे सरावाचे वृत्तांत पळणाऱ्यांनाच वाचवतात, आणि त्यांनाही स्वतःचेच. तळजाई झाली, वेताळ टेकडी झाली, पावसाळ्यात टेकडीवरच्या निसरड्या मातीत व्हायचं ते झालं. रविवारी लांबचं पळणं: कोथरूडहून वारजे, एनडीएचा रस्ता, खडकवासला धरण आणि परत. त्या रविवारांबद्दल सांगायचं तर माझ्या एका मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. ती पळत नाही. व्यायामाबद्दल तिची मतं ठाम आणि छापण्यासारखी नाहीत. पण मी एकटी अंधारात त्या रस्त्याला जाणार हे तिला पटेना, म्हणून ती ॲक्टिवावरून माझ्या मागे यायची. पायाशी पाण्याच्या बाटल्या, डिकीत मीठ-साखर-लिंबाचं पाणी, अंगावर नवऱ्याचं जर्किन. माझ्या वेगानं गाडी चालवायची म्हणजे तिला दोन्ही पाय जमिनीला टेकवत टेकवतच यावं लागायचं. मधूनमधून ओरडायची, "अगं, जरा पळ तरी, गाडी पडतेय माझी!" धरणाजवळ कणसंवाल्यांच्या शेगड्या पेटेपर्यंत ती तिथून हलायची नाही, आणि परतीचं अंतर कणीस खात पार पाडायची. पेट्रोल ही आपली देणगी आहे आणि त्याची ८०जीची पावती मिळावी, असा तिचा अर्ज अजून पडून आहे.

घरी सासूबाईंनी आधी विरोध केला. "एवढं पळून परत इथेच यायचं ना?" हा त्यांचा मुद्दा आजही खोडता आलेला नाही. पण लांब पळणाऱ्याला खारट लागतं, पिष्टमय लागतं, हे मी एकदा जेवताना बोलले आणि सूत्रं त्यांच्या हातात गेली. उकडलेल्या बटाट्यांना मीठ आणि किंचित जिरेपूड लावून डबा, सकाळी नाचणीची आंबील, पळून आल्यावर ताक. शेवटच्या आठवड्यात मी भात जास्त वाढा म्हटल्यावर त्यांनी मुलाकडे बघितलं. "इतकी वर्षं मला भात कमी करा म्हणून सांगतेय ही." पण वाढला.

हे सगळं चालू असताना एक प्रश्न मला सुखानं पळू देत नव्हता. मुलाला गोळी हवी आहे. तुमच्याकडे पाचशे रुपये आहेत. या व्यवहारात माझे गुडघे कशाला हवेत? मी न पळता नुसती मागायला गेले असते तर त्याच काकांनी, त्याच काकूंनी दिले असते का? मग हे पैसे मुलांना दिले, की माझ्या पळण्याला? आणि मी नीट पळाले नाही तर मुलांच्या गोळ्या कमी व्हायच्या का? काकांच्या हिशेबात तर तसं थेट लिहिलेलंच होतं.

कर्वे रस्त्यानं पळताना हा प्रश्न जास्त यायचा, कारण तो रस्ता ज्यांच्या नावाचा आहे त्या अण्णासाहेब कर्व्यांनी हे दोन्ही केलं. १९०० साली त्यांनी आश्रम हिंगण्याला नेला आणि तिथून फर्ग्युसनला गणित शिकवायला ते पायी जात, पायी येत. बाकीचा वेळ विधवांच्या शिक्षणासाठी वर्गणी. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, ते संस्थेच्या कामासाठी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. दारं बंद करून घेणारे त्यांनाही भेटलेच. पण त्यांचं चालणं देणगीसाठी नव्हतं. कामाला जायचं होतं, वाहन नव्हतं, म्हणून चालायचे. चाललो तेवढे पैसे द्या असं त्यांनी कुणाला म्हटलं नाही. त्यांच्या शेजारी मला माझा छातीवरचा नंबर आणि चकचकीत बूट जरा जास्तच रंगीत वाटायचे. इथे वारीचा दाखला द्यायची पद्धत आहे. तो देत नाही. वारकरी पांडुरंगासाठी चालतो, किलोमीटरमागे दर ठरवून नाही.

आत्यापुढे हे मांडलं तेव्हा ती डे केअरमधल्या कपाटात गोळ्यांच्या बाटल्या मोजत होती. मोजणं न थांबवता म्हणाली, "मी इतकी वर्षं हेच सगळं सांगतेय. कुणी उभं राहून ऐकलं? तू पळतेस म्हणून 'अगंबाई, एवढं?' करून थांबतात. तेवढ्यात आपण सांगून घ्यायचं. तुझ्या गुडघ्यांचं आपण नंतर बघू."

हे उत्तर मला पुरतं पटलेलं नाही. लोकांना थांबवायला दर वेळी कुणीतरी दमावंच लागावं, ही काही चांगली गोष्ट नाही. पण बाटल्या तिच्यासमोर होत्या आणि त्या कमी होत्या, आणि माझ्यासमोर फक्त प्रश्न होता.

शर्यतीचा दिवस. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, देशातल्या जुन्या शहरी मॅरेथॉनपैकी. सारसबागेजवळच्या सणस मैदानावरून सुटायचं, सिंहगड रोडनं नांदेड सिटी या वसाहतीकडे जायचं, परत यायचं. पूर्ण पळणाऱ्यांनी हे सगळं पुन्हा एकदा करायचं. अंधार, थंडी, मूव्ह आणि आयोडेक्सचा वास, आणि एरवी हॉर्नशिवाय बोलत नाही असा सिंहगड रोड अगदी गप्प. इथिओपिया-केनियाचे खेळाडू समोरून परतताना दिसले. त्यांच्या पावलांचा आवाजच येत नाही. आम्ही मागचे लोक मात्र चांगले आपटत होतो.

पहिली फेरी गप्पांत गेली. दुसऱ्या फेरीत नांदेड सिटीकडून वळल्यावर, तिसावा किलोमीटर ओलांडला की जे होतं ते झालं. शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा ठेवतं तो साधारण तेवढ्याच अंतराला पुरतो. मग चरबी जाळायची, आणि चरबी सावकाश जळते. पुस्तकात हे दोन ओळींचं आहे. रस्त्यावर धायरी फाट्यापासून आनंदनगरपर्यंत आहे. माणिकबागेत मी विजेचे खांब मोजत होते, दोन खांब पळायचं, एक चालायचं. तेव्हा मुलं आठवली, ध्येय आठवलं, असं काही झालं नाही. आठवला तो डबा.

डबा राजाराम पुलापाशी होता. तीच जागा ठरली कारण रस्ते बंद होते, आणि आमच्या बाजूच्या लोकांना कर्वेनगरहून पूल ओलांडून चालत येता येत होतं. नदीपलीकडे कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक, अण्णासाहेबांचं. सासूबाई स्वेटर आणि कानटोपी घालून डबा उघडून तयार उभ्या. मैत्रीण नेहमीच्या बाटल्यांसह, पण पायी, आणि त्याबद्दल नाराज. आत्याच्या शेजारी तिच्या पोरांपैकी एक, दहा-अकरा वर्षांचा, वडिलांचा हात धरून.

"परवाच रक्त चढलंय म्हणून आणला," आत्यानं मला बटाटा भरवता भरवता सांगितलं. "पुढच्या पाळीच्या तोंडावर असता तर आणला नसता. तेव्हा यांना जिनाही नको वाटतो."

मुलानं मला आपादमस्तक पाहिलं. "तुमचा नंबर कितवा आहे?"

"माहीत नाही रे."

"शेवटचा तर नाही ना?"

आणि मी निघाले तसा तो वडिलांचा हात सोडून माझ्याबरोबर पळू लागला. वडील ओरडत मागून आले. एक-दोन खांबांपर्यंतच पळाला असेल, पण तेवढ्यात तो माझ्या पुढे गेला होता, आणि हे त्यानं परत जाऊन जमलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं, असं नंतर कळलं.

तिसऱ्या मजल्यावरचे काकाही तिथे होते. बाकीच्यांपासून थोडे दूर, हातात घड्याळ आणि छोटी वही. मी चालायला लागतेय हे बघून त्यांनी आवाज टाकला, "थांबू नकोस! अजून एकशे ऐंशीच्या वर येणं बाकी आहे!"

ते ऐकून मी खरंच पळाले. दांडेकर पुलापर्यंत तरी. पुढचं काय केलं त्याला पळणं म्हणायचं की नाही, ते बघणाऱ्यांनी ठरवावं. रेषा ओलांडली, पदक मिळालं, केळं मिळालं. वेळ विचारू नका, घरात फक्त सासूबाईंनी विचारली आणि म्हणाल्या, "तेवढ्यात तर मी पुण्याहून कोल्हापूरला पोचून जेवून घेते."

पैसे बरे जमले. डे केअरच्या गोळ्या आणि फिल्टर काही महिने तरी भागतील इतके. नवऱ्याची पहिली पावती कामाला आली, कारण पुढच्या बऱ्याच आकड्यांना तिच्या जवळपास यायची लाज वाटली नसली तरी तिच्यापासून फार खाली उतरायची वाटली. एका मंगळवारी मी हिशेबाचा कागद घेऊन आत्याकडे गेले. तिनं एकूण बघितली, कपाटाकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या डिसेंबरला त्या तुझ्या स्कूटरवाल्या मैत्रिणीला पण पळव." मैत्रिणीचं उत्तर वर म्हटल्याप्रमाणे छापण्यासारखं नाही.

काकांनी चेक दिला. अक्षरी रुपये दोन हजार एकशे नऊ आणि पंचाहत्तर पैसे फक्त. सोबत माझ्या प्रमाणपत्राची झेरॉक्स मागून घेतली, फाइलला लावायला. आठवड्याभरानं संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"संस्थेची पावती आली. दोन हजार एकशे दहाची."

"अहो काका, त्यांचं सॉफ्टवेअर रुपयाला पूर्ण करत असेल."

"ते मला कळतं. वरचे पंचवीस पैसे कुणी भरले?"

मी म्हटलं, माझ्या नावावर टाका.

"मग तुझ्या पावतीत दाखव," काका म्हणाले आणि फोन ठेवला.